वस्तऱ्याची मूठ

वीकेंडचा विषय या वेळी जरा धारदार आहे. वस्तरा! आणि त्यातही पातं नाही, त्याची मूठ. तुम्ही म्हणाल, आठवडाभर कोड लिहून याचं डोकं फिरलंय. फिरलंही असेल. पण पात्याबद्दल सगळेच बोलतात, मुठीकडे कुणी बघतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर पातं म्हणजे बॅकएंड आणि मूठ म्हणजे इंटरफेस. माणसाचा हात लागतो तो इंटरफेसला, त्यामुळे माणसांचा इतिहासही तिथेच जास्त सापडतो.

आधी शब्द बघू. संस्कृतात 'क्षुर' म्हणजे वस्तरा, त्यावरून क्षौर. 'वस्तरा' हा शब्द मात्र फारसी 'उस्तुरा'वरून आपल्याकडे आलाय. हत्यार तेच, नाव बाहेरचं.

आता रचना. घडीच्या वस्तऱ्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला पात्याची खीळ, दुसऱ्या टोकाला दोन पट्ट्यांच्या मध्ये एक बारीक पाचर. खीळ म्हणजे पितळेची बारीक तार, दोन्ही बाजूंना छोटे वॉशर, आणि हलक्या हातोडीने टोकं ठोकून पसरवलेली. स्क्रू नाही, डिंक नाही. सगळी गंमत त्या पाचरीत आहे. पाचर नीट निमुळती घासली तर पट्ट्यांना हलका बाक येतो आणि पातं बंद करताना बरोबर मधोमध बसतं. चुकली तर पात्याची धार पट्टीला घासते आणि सगळी मेहनत पाण्यात. मूठ फार जड झाली तरी पंचाईत, कारण मग तोल खिळीपासून सरकतो आणि हनुवटीखाली हात अडखळतो.

ही घडीची मूठ नावारूपाला आली ती इंग्लंडमधल्या शेफिल्डला. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद मिळेना, म्हणून त्याने स्वतःच मुशीत पोलाद वितळवायची पद्धत बसवली. (गरज स्प्रिंगची, फायदा वस्तऱ्याला. प्रॉडक्टवाल्यांनी नोंद घ्यावी!) पातं सुधारलं आणि मग मुठीवर नक्षी आली. शिंग तापवलं की मऊ पडतं, कारण ते आपल्या नखांसारखंच केराटिनचं बनलेलं असतं. मऊ शिंग साच्यात दाबलं की जहाज, पुढारी, घोडे, काय हवं ते उठवता येतं. श्रीमंतांसाठी कासवाची पाठ आणि हस्तिदंत. सोमवार ते रविवार असे सात वस्तरे एका पेटीत, हा तर तेव्हाचा मोठाच थाट होता.

आणि इथे आपली मुंबई येते. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझिबारहून जहाजाने मुंबईत यायचा, इथे त्याची प्रतवारी व्हायची आणि बराचसा माल पुढे इंग्लंडला जायचा. शेफिल्डचे कारागीर हस्तिदंताचे मोठे गिऱ्हाईक होते. त्यामुळे लंडनच्या एखाद्या साहेबाच्या वस्तऱ्याची मूठ कधीकाळी मुंबई बंदरात उतरली असेल, यात अशक्य असं काही नाही. शिंगाचं काम तर आपल्या कोकणातही होतं. सावंतवाडी म्हटलं की आपल्याला लाकडी खेळणी आणि गंजिफा आठवतात, पण तिथले कारागीर म्हशीच्या आणि गव्याच्या शिंगापासून शोभेच्या वस्तूही घडवायचे.

हस्तिदंत महाग म्हणून अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने पर्याय शोधला, सेल्युलॉइड. त्याचं पेटंट १८७० चं. त्याला खरं तर बिलियर्डचे चेंडू बनवायचे होते. पण मुठींना हे म्हणजे वरदानच मिळालं. मोर, वेली, बायका, मगरी, साच्यातून काहीही काढा, वर रंगही हस्तिदंतासारखा. फक्त एक बग राहून गेला. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ती हवेतल्या ओलाव्यात मिसळून आम्ल होतात आणि शेजारच्या पोलादाला गंज चढतो. म्हणजे जी मूठ पात्याला सांभाळायची, तीच त्याला खाते. आणि हा बग कळतो कधी? माल विकून पन्नास वर्षं झाल्यावर.

आता मुद्द्याचं. ही सगळी नक्षी कुणासाठी होती? वस्तऱ्याची हौस करणाऱ्यासाठी. आपल्याकडे वस्तरा असायचा न्हाव्याच्या धोपटीत, आणि न्हावी होता बलुतेदार. गावाची हजामत करायची आणि सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. कुणाची, कधी, कशासाठी करायची हे बऱ्याचदा गावच ठरवायचं. मूठ त्याच्या हातात, पण हुकूम दुसऱ्याचा. यातलं सगळ्यात क्रूर काम म्हणजे केशवपन. नवरा वारला की उच्चवर्णीय घरातल्या बाईचं डोकं भादरायचं, मग ती बारा वर्षांची पोर का असेना.

१८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी न्हाव्यांची सभा भरवली. लोखंडे म्हणजे जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि जन्माने आपले ठाण्याचे. सभेत न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ज्यांच्या मिळकतीचं साधन तेच एक हत्यार, त्यांनी ते खाली ठेवलं. सुधारणेवर व्याख्यानं देणारे तेव्हा पुष्कळ होते, पण यांनी स्वतःचं गिऱ्हाईक पणाला लावलं. मला तरी हे जास्त अवघड वाटतं. त्याच वर्षी १० जूनपासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागेही लोखंडेच होते. म्हणजे तुम्ही-आम्ही जो वीकेंड उपभोगतो, त्याचं थोडं देणं त्यांनाही लागतो.

पुढे घडीच्या वस्तऱ्याची सद्दी संपली. जिलेटचं सेफ्टी रेझर १९०३ मध्ये बाजारात आलं आणि लोक घरीच दाढी करू लागले. सलूनमध्ये वस्तरा टिकला खरा, पण १९८६ मध्ये भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण सापडले आणि पुढच्या काळात बदलत्या ब्लेडचा वस्तरा सगळीकडे रुळला. आज मानपाड्यात दाढीला बसलात तर तुमच्यासमोर नवं पान मोडून आत सरकवतात. आरोग्याच्या दृष्टीने उत्तमच, माझी काही तक्रार नाही. पण वडिलांचा वस्तरा मुलाने पाजळायचा, तो सिलसिला तिथे तुटला.

तरी हौशी लोक आज जुनी पाती घेऊन नव्या मुठी बनवतायत. तुम्हालाही किडा चावला असेल तर शिसम किंवा म्हशीचं शिंग घ्या, काम करताना मास्क लावा, शिंगाची धूळ वाईट. हस्तिदंताच्या वाटेला जाऊ नका. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा आणि १९९१ पासून आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे बंद आहे. आजोबांच्या पेटीत जुना वस्तरा सापडला तर मूठ अंगठ्याने घासून वास घ्या. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. तो बंद पेटीत कोंडून ठेवू नका, आगीपासून लांब आणि बाकीच्या हत्यारांपासून वेगळा ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांनाही गंज चढेल.

असो. उद्या सोमवार, सकाळी स्टँडअप आहे आणि दाढी अजून व्हायचीय. भेटू पुढच्या वीकेंडला.