तर्जुम्याची किंमत : जुने गेम संगणकावर का अडखळतात

उन्हाळ्याच्या सुट्टीत बेंबळीला गेलो की भाचा काहीतरी घेऊन येतोच. या वेळी लॅपटॉप घेऊन आला. "मामू, गेम लई अटकायलाय. बॉल पडायच्या आत बॅट फिरती." पडद्यावर गल्ली क्रिकेट चालले होते. डिस्क घरचीच, प्लेस्टेशन 2 ची. कन्सोल कपाटात शाबूत आहे, पण नव्या टीव्हीला त्याची लाल-पांढरी-पिवळी वायर लावायला जागाच नाही. म्हणून पोराने स्वतःच्या डिस्कची प्रत काढून ती लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये लावली होती. कोपऱ्यातला आकडा सांगत होता : वेग 62 टक्के.

त्याचा प्रश्न सरळ होता. कन्सोल सन 2000 चा, लॅपटॉप त्यापेक्षा कितीतरी नवा. मग नव्याला जुने का पेलत नाही? या प्रश्नाचे उत्तर आपल्या भागातल्या माणसाला समजायला अवघड नाही, कारण तर्जुम्याचे ओझे आपण पिढ्यान्‌पिढ्या वाहिले आहे.

आपला जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. दरबारी भाषा आधी फारसी, मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. शेतकऱ्याची बोली मराठी, जुने दप्तर मोडीत. उस्मानिया विद्यापीठ 1918 साली सुरू झाले, त्याच्या आधी 1917 मध्ये दारुल तर्जुमा उघडावा लागला, कारण पुस्तके उर्दूत आल्याशिवाय शास्त्रे उर्दूत शिकवणार कशी? आणि 2023 मध्ये मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. कागद कपाटात होता, वाचणारा उरला नव्हता.

गेमचेही तसेच आहे. डिस्कवरचे हुकूम प्लेस्टेशन 2 च्या भाषेत लिहिलेले आहेत आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरला ती भाषा येत नाही. एम्युलेटर म्हणजे या दोघांमधला दुभाष्या. त्याला वेळ लागतो, तोच आपल्याला "अटकणे" म्हणून दिसतो.

आणि काम एकाच दुभाष्याचे नाही. या कन्सोलच्या मुख्य प्रोसेसरचा वेग सुमारे 295 मेगाहर्ट्झ. आकडा लहान दिसतो. पण त्याच्या पोटात दोन व्हेक्टर युनिट, शेजारी चित्र काढणारी वेगळी चिप, आवाजाची वेगळी, कंट्रोलर आणि डिस्क सांभाळणारी आणखी वेगळी. सगळ्या एकाच वेळी, एकमेकांच्या तालावर चालतात. दुभाष्याला त्या सगळ्यांचे बोलणे एकदम ऐकून ताल न चुकता सांगायचे असते. म्हणूनच इथे जास्त कोअरपेक्षा एकेका कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो.

हा वेग वाढवण्याचा इतिहास म्हणजे तर्जुम्याच्या पद्धती बदलत गेल्याचा इतिहास. पहिली पद्धत इंटरप्रिटरची : एक ओळ ऐकायची, एक सांगायची. तीच ओळ हजार वेळा आली तर हजार वेळा नव्याने सांगायची. 1983 च्या निन्टेन्डो फॅमिकॉमला हे पुरत होते, कारण त्याचा प्रोसेसर जेमतेम 1.79 मेगाहर्ट्झचा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून कॅसेट लावायचे ते 'व्हिडिओ गेम' याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. 1997 मध्ये नेस्टिकल हा एम्युलेटर आला आणि मारिओ, कॉन्ट्रा तेव्हाच्या साध्या संगणकावर पळू लागले.

दुसरी पद्धत रिकम्पायलरची. हुकुमांचा एक तुकडा एकदा तर्जुमा करायचा, लिहून ठेवायचा, पुन्हा आला की लिहिलेलेच वाचायचे. 2002 मध्ये सुरू झालेला पीसीएसएक्स2 हा प्लेस्टेशन 2 चा एम्युलेटर याच जोरावर उभा आहे. तिसरी पद्धत शब्द सोडून मतलब सांगण्याची. जानेवारी 1999 मध्ये आलेल्या अल्ट्राएचएलईने निन्टेन्डो 64 चे काही गेम घरच्या संगणकावर चालवून दाखवले, तेही तो कन्सोल बाजारात विकला जात असताना.

पण मतलब सांगताना काहीतरी सुटते. बीएसएनईएस या एम्युलेटरच्या कर्त्याने 2011 मध्ये ही बाजू मांडली. सुपर निन्टेन्डोचे गेम नव्वदच्या दशकात 25 मेगाहर्ट्झच्या संगणकावरही कसेबसे चालत, पण तोच कन्सोल बारीकसारीक तपशिलासह हुबेहूब उभा करायला 3 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागतो, असे त्याचे म्हणणे. इमानदारीला ताकद लागते.

हे एवढे समजले की पुढची दुरुस्ती अंधारात करावी लागत नाही. भाच्यासोबत बसून आम्ही ती क्रमाने केली.

आधी आकडा नीट वाचला. आपल्याकडच्या डिस्क बहुधा पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला 50 चित्रांच्या. 50 दिसले म्हणून गेम हळू नसतो. टक्केवारी बघायची, 100 म्हणजे पूर्ण वेग.

मग दुभाष्या कुठे अडतो ते पाहिले. पीसीएसएक्स2 पडद्यावर ईई, व्हीयू, जीएस आणि ग्राफिक्सवरचा भार वेगवेगळा दाखवतो. ग्राफिक्स शंभराला टेकले असेल तर इंटर्नल रिझोल्यूशन मूळ पातळीवर आणायचे. ईई टेकला असेल तर रिझोल्यूशन कितीही कमी करा, फरक पडत नाही, कारण अडचण प्रोसेसरची आहे. पोराने रिझोल्यूशन तिप्पट ठेवले होते. ते उतरवताच वेग 75 वर आला.

पुढचे सारे लॅपटॉपबाहेरचे. चार्जर लावला, विंडोजचा पॉवर मोड सर्वाधिक कामगिरीवर नेला, ब्राउझर बंद केला. पंख्यातली धूळ काढली. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. रॅमची एकच पट्टी होती, तेवढ्याच क्षमतेची दुसरी बसवली. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक चित्रांसाठीही रॅमच वापरतो, दोन पट्ट्या असल्या की रस्ता दुपदरी होतो. व्हल्कन आणि डायरेक्टथ्रीडी दोन्ही रेंडरर लावून पाहिले, या लॅपटॉपवर दुसरा बरा ठरला. रिकम्पायलर चालू आहेत याची खात्री केली. ते चुकून बंद झाले तर गेम गोगलगाय होतो. एमटीव्हीयू ही सोय व्हेक्टर युनिटचे काम वेगळ्या धाग्यावर टाकते. पण दोनच कोअर असल्याने तिचा इथे फारसा उपयोग झाला नाही. तरी वेग 94 वर पोचला.

शेवटी भाच्याने ईई सायकल रेट एक पायरी खाली आणला. आकडा लगेच 100! पण बॉल हवेत झटके खात येऊ लागला. दुभाष्याने वाक्ये गाळून वेळ वाचवला होता. काही गेमना ही गाळणी चालते, याला चालली नाही. पोराने स्वतःच ती मागे घेतली. "94 बरंय मामू. बॉल तरी दिसतोय."

ही खटपट कशासाठी, असे कोणी विचारेल. हा गेम म्हणजे 2010 चा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', मुंबईच्या ट्राइन गेम्सने बनवलेला. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादच्या गेमशास्त्रने 'देसी अड्डा' काढला होता. त्यात विटीदांडू, कबड्डी, पतंग होते. आपल्या गल्लीचे खेळ आपल्या माणसांनी कन्सोलवर आणले, ते याच जुन्या यंत्रासाठी. जानेवारी 2013 मध्ये त्या यंत्राचे उत्पादन जगभर थांबले. यंत्रे हळूहळू संपतील, मग हे खेळ वाचणारा फक्त दुभाष्या उरेल. अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने 2000 साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा हा रस्ता मोकळा झाला. डिस्क आणि बायोस मात्र आपल्याच हव्यात.

ज्यांचा संगणक याहून दुबळा आहे त्यांनी पीएसपीची आवृत्ती मिळते का पाहावे. हे दोन्ही गेम पीएसपीवरही आले होते. 2012 मध्ये आलेला पीपीएसएसपीपी हा तिचा एम्युलेटर बराच हलका आहे, आणि त्याला बायोसही लागत नाही.

निघताना पोराला एकच सांगितले. जे बदल करशील ते त्या गेमच्या स्वतंत्र सेटिंगमध्ये कर, डिस्कची काढलेली प्रत आहे तशी राहू दे. निजामकाळच्या कागदाचा तर्जुमा करणारा मूळ कागदावर खाडाखोड करत नाही, तर्जुमा वेगळ्या कागदावर लिहितो. उद्या कोणी त्याच्यापेक्षा चांगला वाचणारा आला, तर त्याला मूळ कागद जसाच्या तसा मिळायला हवा.