फोर्ट ऑगस्टस
फोर्ट ऑगस्टस हे मालवणजवळच्या सिंधुदुर्ग किल्ल्यास ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ मध्ये दिलेले, अल्पकाळ टिकलेले नाव होय. करवीर राज्याच्या आरमाराकडून व्यापारी जहाजांना उपद्रव होतो म्हणून मुंबई सरकारने मेजर गॉर्डन व कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखाली मोहीम पाठवून किल्ला जिंकला. तो कायम ठेवण्याचा बेत होता. परंतु घेण्याहून राखणे महाग पडेल, हा हिशेब आधी मांडलेला दिसत नाही. उत्पन्नातून खर्च भागेना. पाडावा म्हटले, तर सुमारे ४८ एकरांच्या कुरटे बेटाला वेढणारा शिवकालीन तट उद्ध्वस्त करणेही फार खर्चाचे व कष्टाचे होते. अखेर १७६६ मध्ये करवीरच्या जिजाबाईंशी तह होऊन किल्ला परत देण्यात आला. व्यापारास त्रास न देण्याच्या हमीबरोबर ३,८२,८९६ रुपये द्यावयाचे ठरले, अशी नोंद रत्नागिरी जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात आहे.

याच मोहिमेत घेतलेला रेडीचा किल्ला सावंतवाडीकरांना २ लाख रुपयांच्या बोलीवर परत मिळाला. त्यापोटी वेंगुर्ल्याचा महसूल १३ वर्षांसाठी गहाण पडला. येथेही अंदाज चुकला: मुदत सरली तरी रक्कम फिटली नाही, कंपनीने वेंगुर्ले सोडले नाही आणि १७८० मध्ये सावंतांनी ते लुटले. मालवण १८१२ च्या तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेले.