राज्य गेले, शब्द राहिले

इ. स. ७११ मध्ये मुसलमान स्पेनमध्ये उतरले. १४९२ मध्ये ग्रानाडाचे राज्य बुडाले. १५६७ च्या फर्मानाने तेथे अरबी बोलण्या-लिहिण्यास बंदी झाली आणि १६०९ पासून मुसलमानांच्या बाटविलेल्या वंशजांना देशाबाहेर घालविण्यात आले. पण शब्द हद्दपार झाले नाहीत. स्पेनचा शेतकरी पाटाला आजही ‘आथेकिया’ म्हणतो; तो अरबी ‘साकिया’. ‘आल्गोदोन’ म्हणजे कापूस, अरबी ‘कुत्न’. नगराध्यक्षाचा ‘आल्काल्दे’ हा मूळचा काझी. आपली साखर नि त्यांची ‘आथुकार’ तर बहिणीच. मूळ संस्कृत शर्करा, वाट फारसी-अरबीची.

विद्यार्थी मित्रांनो, पाणी, पीक, न्याय यांचे शब्द टिकले, कारण त्यामागे विद्या होती. तलवारीने मिळविलेले गेले. विद्येने दिलेले राहिले.