लांडगे संपले तिथलं कुत्रं

कॉर्गी म्हटलं की बहुतेकांना इंग्लंडची राणी आठवते. १९३३ साली तिच्या वडिलांनी घरात पहिला कॉर्गी आणला. १९४४ मध्ये अठराव्या वाढदिवसाला तिला सुसान नावाची कुत्री मिळाली आणि पुढे राणीने तीसहून जास्त कॉर्गी सांभाळले, त्यातले बहुतेक सुसानच्याच वंशातले. पण मंडळी, हे राजवाड्यातलं कुत्रं मुळात गुराख्याचं बरं का! वेल्श भाषेत 'कोर' म्हणजे बुटका आणि 'की' म्हणजे कुत्रा. गुरांच्या मागे राहायचं, टाचेला हलकेच दात लावायचा आणि लाथ आली की खाली दबायचं. पाय आखूड, म्हणून लाथ डोक्यावरून जाते. राजा हवेलच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वेल्श कायद्यात तर गुरं सकाळी नेऊन संध्याकाळी आणणाऱ्या कुत्र्याची किंमत उत्तम बैलाइतकी धरली आहे.

आता तुम्ही म्हणाल, याचा पन्हाळ्याशी काय संबंध? सांगतो.

पन्हाळा-शाहूवाडीच्या डोंगरात डंगे धनगरांनी पिढ्यान् पिढ्या म्हसरं पाळली. खाली पठारावर मेंढरांचे कळप फिरतात. म्हणजे जनावरं राखायची परंपरा आपल्याकडेही जुनीच. मग असं बुटकं कुत्रं आपल्याकडे का तयार झालं नाही?

मला वाटतं, उत्तर लांडग्यात आहे. १२८१ साली पहिल्या एडवर्ड राजाने पीटर कॉर्बेट नावाच्या माणसाला वेल्सच्या सीमेकडच्या परगण्यांतले लांडगे मारून संपवायचा हुकूम दिला. १५०० च्या आसपास इंग्लंडमधून लांडगा जवळजवळ नाहीसाच झाला. कळपावर हल्ला करणारंच कुणी उरलं नाही, तर कुत्र्याने लढायचं कुणाशी? त्याने फक्त जनावरं वळवली की झालं, आणि त्याला आकार लागत नाही.

आपल्याकडे पठारावर लांडगा आणि डोंगरात बिबट्या, दोघंही आजवर टिकून आहेत. त्यामुळे मेंढरं वळवायचं काम माणूस स्वतः करतो, हाळी देऊन आणि काठीने. कुत्र्याचं काम रात्रीचं, वाड्याभोवती जागं राहायचं. त्याला उंची पाहिजे, आवाज पाहिजे, छाती पाहिजे. हिमालयातही तेच. तिथल्या राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात तर खिळ्यांचा लोखंडी पट्टा असतो.

हे सगळं शोधायला लागलो ते आमच्या चुलतभावामुळे. त्याच्याकडे पन्हाळ्याला दोन वर्षांपासून कॉर्गी आहे, नाव लाडू. पोरं अंगणात पळायला लागली की लाडू टाचा धरतो. काकू म्हणतात, "चावरं हाय, देऊन टाका." पण ते चावरं नाही हो, पोरांना गोठ्याकडे वळवतंय! आमच्या भाषेत सांगायचं तर क्लायंट कधीच गेला, पण त्याच्यासाठी लिहिलेला कोड अजून चालूच आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, गुरं डब्यातून बाजाराला जायला लागली आणि त्यांना शेकडो मैल चालवत नेणाऱ्यांचं काम संपलं. स्वभाव मात्र राहिला.

म्हणून त्याला मारून उपयोग नाही, काम द्यावं लागतं. भाऊ आता त्याच्याकडून चेंडू गोळा करून घेतो. टाच धरली की खेळ बंद. पाठ लांब, म्हणून गडाच्या पायऱ्यांवरून उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि वजन वाढू द्यायचं नाही. केसांचे दोन थर, म्हणून उन्हाळ्यात फिरणं पहाटेच. पावसाळ्यात पोट चिखलाला टेकतं. आतला थर ओला राहिला तर कातडीचे रोग होतात, तेव्हा रोज पुसून कोरडं करायचं आणि गोचीड बघायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रात्री घरात घ्यायचं. लांडगे संपलेल्या देशातलं कुत्रं बिबट्याच्या डोंगरात ओट्यावर झोपवणं म्हणजे त्याचा जीवच घालवणं.

तिकडे धनगरवाड्यावरचं कुत्रं आजही बाहेरच झोपतं. त्याला जातीचं नाव नाही, सर्टिफिकेट नाही. पण त्या जुन्या कायद्याने हिशोब लावायचा म्हटला, तर त्याचे किती बैल होतील?