हडपसरच्या मळ्यातील डॉक्टर : यशवंत फुले

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली.

२/ प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. मात्र तो उंदरांवरील पिसवांमुळे माणसांत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी मांडले ते १८९८ मध्ये. म्हणजेच १८९७ च्या डॉक्टरांना रोगाची वाट ठाऊक नव्हती आणि हाती खात्रीचे औषधही नव्हते.

३/ त्या काळी हडपसर हे पुण्याबाहेरचे खेडे होते. तेथील ससाणे यांच्या मळ्यात, १८९७ च्या आरंभी, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभा राहिला. डॉक्टर होते यशवंत जोतीराव फुले. विधवेच्या पोटी जन्मलेल्या या मुलाला जोतीराव व सावित्रीबाईंनी दत्तक घेतले होते. ससाणे हे यशवंतांचे सासर. लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या मुलाला सावित्रीबाईंनी या कामासाठी बोलावून घेतले.

४/ औषध नसताना दवाखान्याचा उपयोग काय? दाट वस्तीपासून दूर मोकळी हवा, विलगीकरण, पाणी, अन्न आणि शुश्रूषा. प्लेगचे उंदीर असलेले घर सोडणे हाच मोठा बचाव होता, हे विज्ञानाला नंतर उमगले.

५/ रुग्णाला हात लावायला आप्तही धजत नसत. अस्पृश्य मानलेल्यांची अवस्था तर विचारायलाच नको. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड कुटुंबातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला, असे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

६/ याच मार्चच्या मध्यापासून रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या. लोक रुग्ण लपवू लागले. संताप वाढत गेला आणि २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली.

७/ विलगीकरण दोन्हीकडे होते. एकीकडे रुग्णाला घरातून ओढून नेले जाई, दुसरीकडे त्याला पाठीवरून आणले जाई. सार्वजनिक आरोग्याचे यश केवळ उपायावर नव्हे, तर उपाय करणाऱ्यावरील विश्वासावरही अवलंबून असते.

८/ पुढे पुन्हा उसळलेल्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना डॉ. यशवंतही त्याच रोगाला बळी पडले. आईचे स्मरण आपण करतो; त्या मळ्यातील डॉक्टरांचेही करायला हवे.