आर्मांदो कुलासो यांचा वारसा : चषक, खेळाडू आणि संस्था

चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचा दत्तू भोकनळ २०१२ मध्ये लष्करात दाखल झाला, तोवर त्याने नौकानयनाचे वल्हे हातातही धरले नव्हते. अवघ्या चार वर्षांनी रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनाच्या सिंगल स्कल्स प्रकारात त्याने उपान्त्यपूर्व फेरी गाठली आणि एकूण क्रमवारीत तेरावे स्थान मिळविले. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत चौघांच्या भारतीय नौकेने सुवर्णपदक पटकावले, त्या चमूतही तो होता. जिद्द दत्तूची, कष्टही त्याचेच. मात्र, पाण्याशी संबंध नसलेल्या या जवानात नौकानयनपटू दडला आहे हे ओळखणारी नजर लष्करातील प्रशिक्षकांची होती आणि त्या नजरेमागे नौका, जलाशय व सराव पुरविणारी लष्करासारखी संस्था उभी होती.

प्रशिक्षकाच्या श्रेयाचा हा हिशेब वैयक्तिक खेळात तुलनेने सोपा असतो. सांघिक खेळात तो गुंतागुंतीचा होतो. खेळाडू क्लब निवडतो, पैसा मालक ओततो, गोल परदेशी आघाडीपटू करतो. मग मुख्य प्रशिक्षकाच्या खात्यावर नेमके काय जमा करायचे? गोव्याचे फुटबॉल प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत त्यांना जीवनगौरव विभागातील द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते तो प्रदान करण्यात आला. फुटबॉल प्रशिक्षकांच्या वाट्याला हा सन्मान क्वचितच आला आहे. सय्यद नईमुद्दीन यांना तो १९९० मध्ये मिळाला होता. योगायोग असा, की त्याच वर्षी क्रिकेटमधील रमाकांत आचरेकर यांचाही याच पुरस्काराने गौरव झाला होता.

जमेची बाजू

नव्या शतकाच्या प्रारंभापासून २०१३ पर्यंत कुलासो धेंपो स्पोर्ट्स क्लबचे प्रशिक्षक होते. या काळात धेंपोने देशातील सर्वोच्च साखळी स्पर्धा पाच वेळा जिंकली. २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग, तर २००७-०८, २००९-१० व २०११-१२ मध्ये आय-लीग. आठ हंगामांत पाच विजेतेपदे ही कामगिरी कोलकात्याच्या बलाढ्य क्लबांनाही त्या काळात साधली नाही. २००८ मध्ये धेंपोने एएफसी चषक स्पर्धेची उपान्त्य फेरी गाठली. तोवर कोणताही भारतीय क्लब या स्पर्धेत इतका पुढे गेला नव्हता.

या यशावर घेतला जाणारा आक्षेप असा, की धेंपोकडे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स आणि ब्राझीलचा बेटो यांच्यासारखे परदेशी खेळाडू होते आणि पाठीशी गोव्यातील मातब्बर उद्योगसमूह होता. आक्षेपात तथ्य आहे. परंतु परदेशी खेळाडू आणि धनिक पाठीराखे मोहन बागान, ईस्ट बंगाल, चर्चिल ब्रदर्स व साळगावकर यांच्याकडेही होते. धेंपोचे वेगळेपण होते ते कण्यात. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा हे गोमंतकीय खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळले आणि भारतीय संघातही पोहोचले. लॉरेन्सने पुढे राष्ट्रीय संघाचे नेतृत्वही केले. दर हंगामात संघ मोडून नव्याने बांधण्याची रीत असलेल्या भारतीय फुटबॉलमध्ये एवढा टिकाऊ संघ दुर्मीळच होता.

५ डिसेंबर २००४

धेंपोच्या पहिल्या राष्ट्रीय लीग विजेतेपदाच्या हंगामाला शोकांतिकेची किनार आहे. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरच्या कंठीरव मैदानावर मोहन बागानविरुद्ध फेडरेशन चषकाचा अंतिम सामना सुरू होता. धेंपोचा ब्राझीलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर याने सामन्यातील दुसरा गोल केला आणि त्याच क्षणी झालेल्या धडकेनंतर तो कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. धेंपोने सामना २-० असा जिंकला. दोन्ही गोल ज्युनियरचेच होते. मैदानावरील वैद्यकीय व्यवस्थेच्या अभावावर देशभर टीका झाली. क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली.

सहकारी डोळ्यांदेखत गमावलेला संघ त्या हंगामात कोलमडला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. तो संघ २००५ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. प्रशिक्षकाचे काम केवळ डावपेचांचे नसते, हे सांगण्यासाठी याहून वेगळा दाखला शोधण्याची गरज नाही.

नावे बाजू

ताळेबंद मांडायचा तर दुसरी बाजूही पाहावी लागते. बॉब हॉटन यांच्या गच्छंतीनंतर २०११ मध्ये कुलासो यांच्याकडे भारतीय संघाची सूत्रे आली. त्या जुलैत विश्वचषक पात्रता फेरीत संयुक्त अरब अमिरातीविरुद्ध परदेशातील पहिल्या सामन्यात भारताचे दोन खेळाडू पहिल्या अर्ध्या तासातच लाल कार्ड मिळून बाहेर गेले आणि संघ ०-३ असा हरला. दिल्लीतील परतीचा सामना २-२ असा बरोबरीत सुटला. पण आव्हान संपुष्टात आले होते. ऑगस्टमध्ये त्रिनिदाद व गयाना दौऱ्यातही पराभव पदरी पडले आणि कुलासो पदावरून दूर झाले. त्यांच्या जागी आलेले सावियो मेदेरा हेही गोमंतकीयच. त्यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच वर्षाच्या अखेरीस भारताने सॅफ स्पर्धा जिंकली.

क्लबसाठी दशकभर एकच संघ घडविणाऱ्या प्रशिक्षकाची पद्धत राष्ट्रीय संघाच्या काही दिवसांच्या शिबिरांत लागू पडली नाही, असे म्हणता येईल. तथापि, काही महिन्यांच्या मुदतीवर अख्ख्या कारकिर्दीचा निवाडा करणेही न्याय्य नव्हे. कोलकात्यात ईस्ट बंगालचे प्रशिक्षक म्हणून २०१३-१४ च्या आय-लीगमध्ये त्यांनी संघाला उपविजेतेपद मिळवून दिले. मात्र फेब्रुवारी २०१५ मध्ये तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. धेंपोमध्ये लाभलेला वेळ आणि विश्वास त्यांना अन्यत्र कोठेही मिळाला नाही.

शिष्यांची पिढी

प्रशिक्षकाची खरी कसोटी तो निघून गेल्यानंतर लागते. मुंबई क्रिकेटला हे नवे नाही. स्वतः अवघा एक प्रथम श्रेणी सामना खेळलेल्या आचरेकर सरांचे नाव सचिन तेंडुलकरमुळे सर्वतोमुखी झाले. पण त्यांचे शिष्य चंद्रकांत पंडित यांनी प्रशिक्षक या नात्याने विदर्भाला व नंतर मध्य प्रदेशाला रणजी करंडक मिळवून दिला, हा त्या वारशाचा कमी बोलला गेलेला भाग आहे.

कुलासो यांच्याबाबतीतही हेच दिसते. क्लिफर्ड मिरांडाच्या मार्गदर्शनाखाली २०२३ मध्ये ओडिशा एफसीने सुपर चषक जिंकला. परदेशी प्रशिक्षकांची चलती असलेल्या काळात भारतीय प्रशिक्षकाने मिळविलेले हे यश लक्षणीय ठरले. महेश गवळी भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. समीर नाईक यांनी तर खुद्द धेंपोचेच मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले. एकाच संघातील सहकाऱ्यांपैकी इतके जण प्रशिक्षणाकडे वळावेत आणि तेथे टिकावेत, याला निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

मैदान उरले, घर हलले

२००४-०५ ते २०१२-१३ या नऊ हंगामांत राष्ट्रीय साखळीचे विजेतेपद आठ वेळा गोव्यात गेले. अपवाद फक्त २००५-०६ चा. त्या वर्षी मुंबईचा महिंद्र युनायटेड विजेता होता आणि त्याचे प्रशिक्षक डेरिक परेरा हेही गोव्याचेच! पुढे काय झाले? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद पडला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि जुन्या क्लबांचे महत्त्व ओसरले. २०१४-१५ च्या हंगामात धेंपोची आय-लीगमधून घसरण झाली. पुढच्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून संघाने पुनरागमनाचा हक्क मिळविला. परंतु लीगच्या प्रस्तावित फेररचनेच्या निषेधार्थ २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो या तिघांनीही माघार घेतली. धेंपो आय-लीगमध्ये परतला तो थेट २०२४-२५ च्या हंगामात, समीर नाईक यांच्या प्रशिक्षणाखाली.

भारतीय फुटबॉलने हे पूर्वीही अनुभवले आहे. सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ व १९६२ ची आशियाई सुवर्णपदके जिंकली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक मिळविला. १९६३ मध्ये रहीम यांचे निधन झाले. त्यानंतर आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळालेले नाही. मोठा प्रशिक्षक गेला की त्याची पद्धत जपणारी यंत्रणा मागे नसते, हे आपले जुने दुखणे आहे.

मोजपट्टी कोणती?

यातून निघणारा निष्कर्ष असा, की केवळ चषक मोजले तर कुलासो हे भारतीय क्लब फुटबॉलमधील सर्वाधिक यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक ठरतात. केवळ राष्ट्रीय संघाचा काळ पाहिला तर ते अपयशी दिसतात. दोन्ही मोजपट्ट्या अपुऱ्या आहेत. प्रशिक्षकाला किती वेळ मिळाला, त्या वेळात त्याने कोणते खेळाडू घडविले आणि त्या खेळाडूंनी पुढे काय घडविले, हे तीन प्रश्न एकत्र विचारले तरच वारशाचे खरे मोल कळते. या कसोटीवर कुलासो यांची जमेची बाजू निःसंशय जड आहे.

मात्र, पुरस्कार देऊन समाजाची जबाबदारी संपत नाही. दत्तू भोकनळला वल्हे मिळाले ते चांदवडमध्ये नव्हे, तर लष्करात. धेंपोतील गोमंतकीय मुलांना मात्र घरच्याच मातीत क्लब, प्रशिक्षक आणि सवड लाभली. तालुक्या-तालुक्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर आजही शिट्टी घेऊन उभा असलेला प्रशिक्षक असतो. दहा वर्षे टिकून काम करण्याची मुभा त्याला कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही.