शिशाचा मुलूख आणि दगडी घरे

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील विस्कॉन्सिन राज्यात आयोवा नावाचा एक जिल्हा आहे (त्याच नावाचे शेजारचे राज्य निराळे). तेथे वस्ती प्रथम शिशाच्या लोभाने झाली आणि नांगर मागाहून आला. तेथले मूळ रहिवासी हो-चंक लोक हे शिसे पूर्वापार काढीत असत. १८२९ च्या तहाने त्यांच्याकडून हा मुलूख सरकारने घेतला, आणि त्याच वर्षी जिल्ह्याची स्थापना झाली. खनिजाच्या जमिनी विक्रीस न काढता पट्ट्याने देण्याचा सरकारी शिरस्ता १८४६ च्या कायद्यापर्यंत चालू होता, म्हणून १८३४ साली जिल्ह्यातल्या मिनरल पॉइंट गावी जमीनविक्रीची कचेरी उघडली तरी खाणीची जमीन तेथे कागदोपत्री मिळत नसे. कागदोपत्री असे मुद्दाम म्हणतो, कारण खोट्या शपथेवर तशा जमिनींचे व्यवहार सर्रास होत.

ज्यांना मालकीची शाश्वती नव्हती, त्या आरंभीच्या खाणकऱ्यांनी टेकडीच्या उतारावर बिळे खोदून हिवाळे काढले, यात नवल नाही. नवल वाटते ते १८३० नंतर इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातून आलेल्या, तांब्याकथिलाच्या खाणींत मुरलेल्या लोकांचे. कारण सनद हाती नसतानाही त्यांच्यापैकी कित्येकांनी त्याच टेकडीची चुनखडी फोडून, दर्शनी भिंतीस घडीव चिरे आणि बाजूंस ओबडधोबड दगड लावून, पाठ उतारात रुतलेली अशी घरे बांधली, की जणू परतीचा विचारच त्यांनी सोडून दिला होता. तसे पाहता १८४९ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या सोन्याची वार्ता येताच त्यांतलेही अनेकजण उठून गेलेच.

१८३६ च्या ४ जुलैला ज्या मिनरल पॉइंटात विस्कॉन्सिन प्रदेशाचे पहिले गव्हर्नर हेन्री डॉज यांनी शपथ घेतली, त्या गावातले जिल्ह्याचे ठाणेही पुढे डॉजव्हिलला गेले. शिशानंतर जस्ताने काही काळ हात दिला, पण तेही ओसरले. आणि माझ्या मते ही दगडी घरे जी वाचली ती बहुतांशी गावाच्या दारिद्र्यामुळे, कारण नवे बांधण्याची ऐपत नसलेला मनुष्य जुने पाडण्याची घाई करीत नाही. तरीही दगडासाठी ती पाडली जाऊ लागली, तेव्हा १९३५ साली गावचाच कॉर्निश (म्हणजे कॉर्नवॉलच्या) वंशाचा रॉबर्ट नील आणि त्याचा सोबती एडगर हेलम यांनी एक पडके घर विकत घेऊन त्यास पेंडार्विस हे कॉर्निश नाव दिले, आणि दुरुस्तीचा खर्च भागवण्यासाठी तेथे खाणावळ काढून खाणकऱ्यांची मांस-बटाट्याची पेस्टी गिऱ्हाइकांच्या पानात वाढली.